पहिल्या वासाचा मान

७ ऑक्टोबर १९९९, गुरुवार. जपमाळ-मातेचा सण

आज गाल्लेझिओच्या घरी आमच्या वाइन-मंडळाची बैठक झाली. तिथे जे पाहिले ते लिहून काढल्याखेरीज मला अन्न गोड लागणार नाही.

दिवंगत फेलिचेच्या तळघरातील एकाहत्तर सालची अखेरची बाटली आज उघडायची होती. फेलिचे गेल्यावर मुलांनी तळघर विकले. नव्या मालकाने त्याची आजोबांच्या वेळची महाकाय पिंपे फोडून सरपण केले आणि त्या जागी फ्रान्सहून आणलेली कमरेएवढी, कोरी, छोटी पिंपे मांडली. त्यांतून आता जी वाइन निघते तिला मिठाईच्या दुकानाचा वास येतो. ती दोन वर्षांत पिण्याजोगी होते, म्हणून मिलानोचे लोक मोटारी भरभरून तिच्यासाठी येतात. या डोंगरांवर ज्यांनी हे चालू केले त्यांना लाज कशी ती नाही.

आमचे मंडळ त्या निर्लज्जपणाविरुद्ध उभे आहे. इथे आमच्या सेर्राल्ता गावात अजून मोजकी घरे अशी आहेत, जिथे नेब्बिओलो द्राक्षांचा रस सालींसकट चाळीस-पन्नास दिवस मुरतो, साली वर तरंगू नयेत म्हणून फळ्या ठोकून खाली दाबल्या जातात, आणि मग जुन्या ओकच्या पिंपात वाइन वर्षानुवर्षे आपल्याच गाळावर निजून राहते. तिला कोणी उठवत नाही, गाळत नाही, नटवत नाही. ज्या द्राक्षारसाला स्वस्थता मिळाली त्याचा वास पालटत नाही, हे संदेष्ट्यांनाही ठाऊक होते.

मंडळाचा रिवाज जुना आहे. बाटली उघडली की पहिला वास सर्वांत वडील सभासदाने घ्यायचा. त्याने ‘निकोप’ म्हटले तर बाटली फिरते. तो गप्प राहिला तर ती व्हिनेगरच्या पिंपात जाते. त्यावर चर्चा नाही. हा मान गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे.

मी पेला फिरवला, डोळे मिटले. खरे लिहायचे तर प्रथम काहीच आले नाही. परंतु थोर आणि वृद्ध वाइन संकोची असते. ती बाजारातल्या बाईसारखी दारात उभी राहत नाही. मी घोट घेतला. जिभेवर ती ओळखीची आम्लता आली, हिरड्यांना सालींची पकड जाणवली. मी म्हणालो, "निकोप. आणि थोर."

पेले फिरले. गाल्लेझिओने पेला नाकाशी नेला आणि आत झुरळ असल्यासारखा मागे घेतला. चाळीस वर्षे या माणसाने औषधांचे दुकान चालवले आहे. त्याने नाक मुरडावे, हेच नवल.

"मला आमचं तळघर आठवलं," नोटरी क्रावेरो म्हणाले. "पूर ओसरल्यानंतरचं."

"त्यात पुठ्ठ्याची खोकी भिजत पडलेली," गाल्लेझिओ म्हणाला.

"फादरांनी निकोप म्हटलंय ना?" माझा बालमित्र सेकोंदो म्हणाला. "मग प्या गपचूप."

त्याची मुलगी डेल्फिना, जिला मी बाप्तिस्मा दिला, ती म्हणाली, "पण बाबा, हिला तर कुजक्या बुचाचा..."

"पी म्हटलं ना."

सेकोंदोने स्वतःचा पेला एका दमात रिकामा केला. इतक्या घाईने एकाहत्तरची वाइन पिणे हेही अशिष्टच, पण निदान त्याने ती प्यायली. गाल्लेझिओने आपली जिरेनियमच्या कुंडीत ओतली. माझे लक्ष नाही असे त्याला वाटले असावे.

ज्यांनी जुन्याचे रक्षण करण्याची शपथ घेतली त्यांच्याच जिभा त्या मिठाईने बिघडल्या आहेत. शत्रू वेशीबाहेर आहे असे आम्ही समजत होतो.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

पिनोताशी वाद झाला. गेली वीस वर्षे ती माझे घर पाहते, त्यामुळे धर्मगुरूशी कसे बोलावे हे विसरली आहे. ती बाजारातून परतली तेव्हा मी स्वयंपाकघरात स्तोत्रांवरील टीका वाचत होतो.

"फादर, दूध."

"काय दूध?"

"चुलीवरचं. भांडं काळं ठिक्कर झालंय. घरभर धूर झालाय, आणि तुम्ही त्याच्याशेजारी बसून वाचताय?"

"मी एकाग्र होतो."

"एकाग्र? कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानात वास येतोय. मला वाटलं तुम्हीच जळालात."

मी तिला शांतपणे समजावले की मन वर लागले की देहाचे भान राहत नाही, आणि संतांच्या बाबतीत याची पुष्कळ उदाहरणे आहेत. त्यावर ती म्हणाली की संतांनी भांडी घासली असती तर त्यांनाही भान राहिले असते. असो.

देवळातल्या धूपाबद्दल मात्र मी अल्बा शहरातल्या दुकानदाराला कडक पत्र लिहिणार आहे. धूर तेवढा येतो. सुगंधाचा लवलेश नाही. लाकडाचा भुसा विकत असला पाहिजे. देवापुढेही भेसळ.

१६ ऑक्टोबर, शनिवार

आज मी क्रोधाने लिहितो आहे. हा वयाचा चिडकेपणा नव्हे.

दुपारी सेकोंदोकडे गेलो. द्राक्षतोडणी होऊन रस हौदांत आंबून उकळू लागला की मी दर वर्षी जातो. लहानपणी आम्ही एकाच गल्लीत वाढलो. तो माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, म्हणून मी त्याच्याकडून लॅटिन प्रार्थना पाठ करून घेत असे आणि त्या बदल्यात तो मला त्याच्या बापाच्या तळघरात चोरून नेत असे. त्या दिवसांत ऑक्टोबरमध्ये गल्लीच्या तोंडाशीच आंबलेल्या द्राक्षांचा दर्प अंगावर येई. वाट विचारावी लागत नसे. आज मी हौदाच्या काठाशी उभा राहिलो, आत रस खदखदत होता, आणि हवा धुतल्यासारखी कोरी होती.

"काय करतोस तू हल्ली या रसाला?" मी विचारले.

"करणार काय? फळ्या ठोकल्यात आणि वाट बघतोय. बापानं केलं तेच." मग त्याने हसून विचारले, "ब्याऐंशीची उघडू? डेल्फिना म्हणते आता ऐन भरात आलीय."

ब्याऐंशीची वाइन ही सेकोंदोच्या हयातीतली सर्वोत्तम. गेल्या वर्षी मी स्वतः तिच्याबद्दल म्हटले होते की हिच्यात गुलाब आधी येतो, मग डांबर, मग पावसाने भिजलेली पानगळ, आणि शेवटी बराच वेळ काहीतरी असे येते ज्याला नाव देणे उद्धटपणाचे ठरेल. आज त्याने तीच उघडली. रंग तोच, जुन्या विटेसारखा, कडेला नारिंगी झाक. मी पेला नाकाशी धरला.

आत कोणी नव्हते. पाणी हुंगावे तसे. घोट घेतला तर आंबटपणा आणि तुरटपणा, बस. आत्मा काढून घेतलेले शरीर. आणि ज्याने आयुष्यभर या वाइन हुंगल्या त्याला यामागचे कारण एकच ठाऊक असते. गाळण. दाट कागदांतून दाब देऊन वाइन गाळली की ती काचेसारखी चमकते, व्यापाऱ्यांना आवडते, आणि मरते. ती बाटल्यांतून काढून, गाळून, पुन्हा बाटल्यांत भरली असली पाहिजे.

"सेकोंदो," मी म्हणालो, "तू ही गाळलीस."

तो आधी हसला. "भल्या माणसा, मी एक वेळ माझं रक्त गाळीन."

"मग हिचा वास कुठे गेला?"

त्याने स्वतःचा पेला हुंगला. माझा घेतला, तोही हुंगला. मग माझ्याकडे असे पाहिले, जसे एखाद्याने ओळखीच्या घराचे दार उघडावे आणि आत सामानच नसावे.

"तुला काय वास येतोय, फादर?"

"काहीच नाही. म्हणूनच विचारतो."

तो उठून आत गेला आणि फडक्यात काहीतरी गुंडाळून आणले. "डोळे मीट. ओळख."

मला हा पोरखेळ वाटला, पण मी मित्रासाठी डोळे मिटले. त्याने ते माझ्या नाकाखाली धरले. बराच वेळ धरले; गार, ओबडधोबड गोळा नाकाला टेकला.

"बटाटा," मी म्हणालो. "कच्चा. तू विषय बदलतो आहेस."

डेल्फिना दारात उभी होती, आणि जमिनीखालचे उग्र वासाचे ट्रफल हुंगून काढणारा त्यांचा कुत्रा तिच्या हातातून फडक्याकडे ओढ घेत होता. तिने तोंडावर हात घेतला. सेकोंदोने फडके घाईने खिशात कोंबले आणि म्हणाला, "बटाटाच." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

निघताना अंगणात ताडपत्रीखाली एक नवे यंत्र दिसले. मी विचारण्याआधीच डेल्फिना म्हणाली, "लेबलं चिकटवायचं आहे ते, फादर." मी विचारलेही नव्हते. ज्याला काही लपवायचे नसते तो असा आधीच उत्तरे देत नाही.

साठ वर्षांची मैत्री. मला वाटले होते, एवढे एक घर तरी उरेल.

२४ ऑक्टोबर, रविवार

आज दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचे धागे एकाच गाठीत जातात.

मिस्सा संपल्यावर मी आतल्या खोलीत वस्त्रे उतरवत होतो. खिडकीबाहेर सेकोंदो आणि डेल्फिना उभे होते. मी कान देऊन ऐकत नव्हतो. खिडकी उघडी होती.

"सांगून टाका ना त्यांना," डेल्फिना म्हणत होती. "किती दिवस लपवणार?"

"खबरदार एक शब्द बोललीस तर."

"आज ना उद्या कळणारच. अख्ख्या गावाला कळलंय, बाबा. त्यांनाच तेवढं नाही."

"त्यांना कळलं तर मरतील ते. कळतंय का तुला? दुसरं काय उरलंय त्यांच्याकडे?"

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक होते. आणि मला सांगायचे नाही, कारण माझ्या मनाला धक्का बसेल. माझ्या मनाची ही काळजी वाइन गाळताना कुठे गेली होती?

दुपारी गाल्लेझिओ आला. आधी तब्येत विचारली. सर्दी झाली होती का. कुठली गोळी चालू आहे का. ईस्टरच्या आठवड्यात मी देवळाच्या पायरीवरून घसरलो होतो, तेव्हा डोक्याला किती लागले होते.

"टेंगूळ आले होते. देवकृपेने बरे झाले. का?"

"सहज. फादर, माझ्या मनात आलं, तुमचं वय झालं. पहिला वास घ्यायचा म्हणजे जबाबदारी. हे वर्ष क्रावेरोंना देऊन बघू या का? तुम्ही आपले निवांत बसा, प्या."

"निवांत मी थडग्यात बसेन."

"तसं नाही हो म्हणायचं मला."

"मग कसे म्हणायचे आहे?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. "संत मार्टिनच्या दिवशी मी मंडळापुढे मांडेन म्हणतो. तुमच्या पाठीमागे नको, म्हणून आधी सांगायला आलो."

आता सगळे स्पष्ट झाले. माझ्या नाकातून गाळलेली वाइन सुटणार नाही, हे त्यांना कळले आहे. म्हणून नाकच दूर करायचे. मी त्याला दार दाखवले. पिनोताने त्याला जाताना बदामाचा केक दिला. तिला कोणत्या बाजूला उभे राहायचे हे कधीच कळले नाही.

२ नोव्हेंबर, मंगळवार. मृतांचा दिवस

दफनभूमीत जाऊन आलो. सेकोंदोच्या वडिलांच्या थडग्यावर शेवंती ठेवली. या फुलांनाही हल्ली वास नाही, आकारासाठी वाढवतात.

तिथे उभा असताना एक विचार आला आणि तो मी लपवणार नाही, कारण या पानांवर मी स्वतःशी खोटे बोललो तर बोलायला जागाच उरणार नाही. पवित्र ग्रंथातला तो दृष्टी गेलेला पिता मला आठवला, ज्याने धाकट्या मुलाला थोरला समजून आशीर्वाद दिला. हात त्याला फसवत होते, आवाज त्याला सावध करत होता, आणि अखेर त्याने मुलाच्या कपड्यांचा वास घेतला आणि वासावर विश्वास ठेवला. वासाने त्याला फसवले. मी सेमिनारीत भावी धर्मगुरूंना या प्रसंगावर किती वर्षे शिकवले, पण आज पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्याची भीती वाटली. मी फसत असेन का?

दूध. धूप. शेवंती. गुलाब.

मी पुष्कळ वेळ प्रार्थना केली. आणि मग मला उमगले की भेद कुठे आहे. त्या पित्याला जो वास आला तो दुसऱ्याच मुलाचा होता. मला तर वास येतच नाही. जे नाही ते नाही असे म्हणणाऱ्याला कोणी कसे फसवेल? जग वासहीन होत चालले आहे. माझा दोष एवढाच की ते मला कळते. मन शांत झाले. परतताना दफनभूमीच्या फाटकाशी सेकोंदो भेटला. त्याने टोपी काढली. मी मान हलवली आणि पुढे गेलो. असे मी आयुष्यात प्रथमच केले.

१० नोव्हेंबर, बुधवार

ठरले. उद्या संत मार्टिनच्या दिवशी रिवाजाप्रमाणे वडील सभासद पुढील वर्षाच्या तळघरांची नावे उच्चारतो. ज्याचे नाव उच्चारले जात नाही त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवतात, आणि तो मंडळाच्या टेबलाशी पुन्हा बसत नाही. वळवलेली खुर्ची परत फिरल्याचे मला स्मरत नाही. सेकोंदोच्या खुर्चीवर त्याचे वडील बसत, त्यांच्या आधी त्यांचे.

मी सेकोंदोचे नाव उच्चारणार नाही. तो निरपराध आहे असे मला कोणी पटवून द्यावे, अशी मी आज दिवसभर वाट पाहिली. कोणी आले नाही.

११ नोव्हेंबर, गुरुवार. संत मार्टिन

बैठक मठाच्या जुन्या भोजनगृहात झाली. लसूण आणि खारवलेल्या माशांचा रस्सा मातीच्या वाडग्यांत उकळत होता, भाज्या चिरून ठेवलेल्या होत्या. कोणी हात लावला नाही. सर्वांना काहीतरी होणार हे ठाऊक होते. मी नावे घ्यायला उठणार, तोच गाल्लेझिओ उभा राहिला.

"नावं घेण्याआधी मला पहिल्या वासाबद्दल बोलायचंय," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडलेला होता. "हे बोलताना मला बरं वाटत नाहीये. पण एकाहत्तरच्या बाटलीपासून आपण सगळे..."

"बस खाली," सेकोंदो म्हणाला.

"सेकोंदो, हे कधीतरी बोलावंच..."

"बस म्हटलं. आधी मी."

सेकोंदो उठला. माझ्याकडे न पाहता त्याने टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकले.

"ब्याऐंशीची वाइन मी गाळली. गेल्या हिवाळ्यात. पुन्हा काढली, गाळली, भरली. फादरांना तिच्यात वास आला नाही, कारण तिच्यात राहिलाच नव्हता. त्यांनी मला तोंडावर विचारलं आणि मी हसण्यावारी नेलं. आता सांगतो. झालं."

डेल्फिना उठली. "बाबा."

"तू बस."

"अरे, काय बोलतोयस तू?" गाल्लेझिओ म्हणाला. "सप्टेंबरात तुझ्याच घरी आपण दोघं ती प्यायलो. अख्खी खोली गुलाबानं भरली होती."

"तुझं नाक औषधांनी गेलंय. फादरांचं शाबूत आहे."

"सेकोंदो," नोटरी क्रावेरो हळू आवाजात म्हणाले, "हे तू सगळ्यांसमोर म्हणतोयस. याचा अर्थ कळतो ना?"

"वकिली करू नका, क्रावेरो. कळतो."

"खुर्ची जाईल."

"जाऊ दे. वयही झालं. पाठीला ती टोचतेच."

 डेल्फिनाने खुर्ची मागे ढकलली, ती आडवी पडली, आणि ती बाहेर निघून गेली. बापाचा अपराध उघड झाल्यावर मुलीने असा त्रागा करावा हे मला शोभनीय वाटले नाही.

मी गाल्लेझिओकडे वळलो. "तुम्हाला पहिल्या वासाबद्दल काही बोलायचे होते."

तो बराच वेळ सेकोंदोकडे पाहत राहिला. सेकोंदोने त्याच्याकडे पाहिले. मग गाल्लेझिओने डोळे पुसले. लसणाच्या वाफेने त्याला नेहमीच त्रास होतो.

"काही नाही, फादर. तो मान तुमच्याकडेच राहावा, एवढंच."

कोणी विरोध केला नाही. मी नावे उच्चारली. सेकोंदोचे उच्चारले नाही. त्याने स्वतःच आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे नेली, फिरवली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. जाताना माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "तुझं नाक तुझं नाकच आहे, फादर."

सत्याचा विजय झाला. मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन पिनोताने दिलेले सूप तसेच ठेवले.

१५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी देवळाच्या दाराशी डेल्फिना भेटली. मी तिला थांबवले. म्हटले, तुझ्या वडिलांनी सर्वांसमोर कबूल केले, हे धैर्य मोठे आहे, तू त्यांच्यावर रागावू नकोस.

"मी त्यांच्यावर रागावलेली नाही, फादर."

"मग माझ्यावर? मी रिवाज पाळला."

"पाळलात. मिलानोच्या आमच्या गिऱ्हाइकांचा फोन आला होता. गाळलेली वाइन त्यांना नको म्हणे, पत्रकात जुन्या पद्धतीची असं छापलंय. तुमच्या मंडळाचा शब्द तिथपर्यंत पोचतो बरं का."

"सत्याला किंमत मोजावी लागते, मुली."

ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. नाकाकडे पाहत होती म्हटले तरी चालेल. 

"मी बाबांना शब्द दिलाय," ती म्हणाली. "नाहीतर आज तुम्हाला..."

ती गेली. आजच्या तरुणांना वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्य पूर्ण करण्याचीही रीत उरलेली नाही.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

क्रावेरोंकडे बैठक. एक चांगली गोष्ट नोंदवतो, म्हणजे या पानांवर नुसता क्रोध राहणार नाही. मला कष्ट नकोत म्हणून हल्ली क्रावेरो बाटल्या आत स्वयंपाकघरातच उघडून आणतात. आज चार आणल्या आणि चारही निकोप निघाल्या. एकही व्हिनेगरला गेली नाही. मंडळाची शुद्धी झाल्यापासून ही कृपा स्पष्ट दिसते.

मात्र एकदा आतून मोरीत काहीतरी ओतल्याचा आवाज आला. मी विचारले, तेव्हा क्रावेरो म्हणाले की भाज्यांचे पाणी.

सर्वजण माझ्याशी फार सौम्यपणे वागतात. मला ते खटकते. सेकोंदो असता तर त्याने एकदा तरी मला चिडवले असते. भिंतीकडे वळवलेली त्याची खुर्ची मठातून उचलून कोणीतरी इथे आणून ठेवली होती, आणि तिच्यावर सर्वांनी आपापले कोट टाकले होते. मी ते काढायला लावले. शिक्षेचीही एक प्रतिष्ठा असते.

२८ नोव्हेंबर. आगमनकाळाचा पहिला रविवार

दुपारी सेकोंदो आला. नाव वगळल्यानंतर तो प्रथमच माझ्या घरी येत होता. कोटाखाली बाटली होती, बूच न लावलेली, तोंडात फडके कोंबलेली. यंदाची वाइन, हौदातून नुकतीच मोठ्या पिंपात घातलेली, अजून गढूळ आणि रागीट.

"मंडळासाठी नाही," तो म्हणाला. "तुझ्यासाठी. दर वर्षी तू पहिला हुंगतोस आणि सांगतोस कशी निघणार ते. यंदा विचारायचं का नाही कळेना. पिनोता म्हणाली ये."

पिनोताने दोन पेले ठेवले आणि आमच्याकडे पाठ करून चुलीशी उभी राहिली. सेकोंदोने ओतली. तो म्हातारा दिसला. त्याच्या नखांत सालींचा जांभळा रंग होता. डेल्फिना बोलते का, मी विचारले. म्हणाला, बोलते, ओरडते, तेही बोलणंच.

मी पेला घेतला आणि नाकाशी नेला. तो माझ्या तोंडाकडे असे पाहत होता, जसे लहानपणी प्रार्थना चुकेल की काय म्हणून पाहत असे.

आत काही नव्हते. मी पुन्हा हुंगले. काहीच नाही. म्हणजे याही वर्षीची वाइन त्याने बिघडवली होती. कशाने, देव जाणे. कदाचित हात एकदा भ्रष्ट झाला की आपोआपच भ्रष्ट करत जातो. माझ्या मनात शब्द तयार होते. मी आयुष्यात कोणत्याही वाइनबद्दल खोटे बोललो नव्हतो. एखाद्या बिशपच्या वाइनबद्दलही नाही.

पण याची खुर्ची गेली. याचे गिऱ्हाईक गेले. आता मीही सांगितले की तुझ्या हातात काही उरले नाही, तर हा माणूस इथून उठून कुठे जाईल?

"व्हायोलेट," मी म्हणालो. "व्हायोलेटची फुले. भरगच्च. आणि मागे कुठेतरी गुलाब, अजून मिटलेला."

पिनोताच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. सेकोंदो हलला नाही.

"खरंच, फादर?"

"मी कधी वाइनबद्दल खोटे बोललो आहे का? वीस वर्षे टिकेल. आपण दोघे नसू तेव्हा भरात येईल."

त्याने आपला पेला उचलला, हुंगला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. "व्हायोलेटच," तो म्हणाला. "मलाही तसंच वाटलं होतं. खात्री नव्हती." आणि तो माझा साठ वर्षांपासूनचा मित्र, ज्याला मी बापाच्या दफनाच्या वेळीही रडताना पाहिले नव्हते, माझ्या स्वयंपाकघरात टेबलावर डोके टेकून रडला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एका शब्दाने माणूस इतका सुखावतो, याचा अर्थ तो किती दिवस अशा शब्दावाचून बसला असेल. त्या मंडळातल्या एकालाही त्याच्या घरी जाऊन दोन गोड शब्द बोलावेसे वाटले नसावे, या निर्दयतेचा मला असा संताप आला की तो गेल्यावरही बराच वेळ मी दिवा न लावता तसाच बसून होतो.